रक्तक्षयाच्या उपचारानंतर लोह वाढण्याची धास्ती : एक अभ्यास



रक्तक्षय, म्हणजे अंगात रक्त कमी असणे, या विषयावर आता आपल्या वस्त्यांमध्ये बरेच बोलले जाते. आशाताई घरी येऊन गोळ्या देतात, शाळेत दर आठवड्याला मुलींना निळी गोळी मिळते, आणि गरोदर भगिनींच्या कार्डावर हिमोग्लोबिनचा आकडा लिहिला जातो. तरीही २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत हे प्रमाण शंभरात जवळजवळ ६९ आहे.

रक्तक्षय दूर न होण्याची कारणे अनेक आहेत. त्यांतील एका कारणाकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. ते म्हणजे उपचार अर्धवट सोडणे. महिना-दीड महिना गोळ्या घेतल्या, थकवा कमी झाला, की मनात शंका सुरू होते. "गोळ्या गरम पडतात", "लोह अंगात साचून राहते", "लिव्हर खराब होते", असे कोणीतरी सांगते. कोणी रक्त तपासते आणि कागदावर लोहाच्या आकड्यापुढे 'जास्त' अशी खूण दिसते. मग गोळ्यांची पाकिटे फडताळात पडून राहतात आणि सहा महिन्यांत हिमोग्लोबिन पुन्हा खाली येते.

ही धास्ती पूर्णपणे खोटी आहे, असे म्हणता येणार नाही. काही विशिष्ट लोकांच्या शरीरात लोह खरोखर वाढते आणि ते घातक असते. पण ते लोक कोण आणि आपण त्यांत मोडतो का, हे समजून घेतल्याशिवाय घाबरणेही योग्य नाही आणि निर्धास्त राहणेही योग्य नाही. तेवढेच समजून घेणे हा या लेखाचा उद्देश आहे.

शरीरातील लोहाचा जमाखर्च

निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. यातील जवळपास दोन तृतीयांश लोह रक्तातील तांबड्या पेशींमध्ये, हिमोग्लोबिनच्या रूपाने असते. उरलेल्यापैकी बरेचसे यकृत, प्लीहा आणि हाडांतील मगज येथे साठवलेले असते. या साठ्याचे प्रथिन म्हणजे फेरिटिन. हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या वापरातील पैसा आणि फेरिटिन म्हणजे पेढीत ठेवलेली शिल्लक, असे समजावे.

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मोडल्यावर तिच्यातील लोह वाया जात नाही. शरीर ते पुन्हा नव्या पेशीसाठी वापरते. त्यामुळे पुरुषाच्या शरीरातून रोज फक्त १ मिलिग्रॅमच्या आसपास लोह बाहेर जाते. पाळी येणाऱ्या स्त्रीचा खर्च यापेक्षा जास्त असतो. साधारण पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते, म्हणजे दरमहा १५ ते २० मिलिग्रॅम लोह जाते. अंगावरून जास्त जात असेल तर हा खर्च दुप्पट-तिप्पट होतो आणि शिल्लक लवकर संपते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. पाणी जास्त झाले तर शरीर ते लघवीवाटे टाकून देते. लोहाचे तसे नाही. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. धास्तीचे मूळ येथेच आहे. बाहेर टाकता येत नाही म्हणून शरीराने दुसरी व्यवस्था केली आहे. लोह आत घेतानाच ते मोजूनमापून घेतले जाते.

आतड्याचे दार

आपण अन्नातून किंवा गोळीतून घेतलेले सगळे लोह रक्तात जात नाही. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात त्याला जणू एक दार आहे. या दाराचा पहारेकरी म्हणजे यकृतात तयार होणारा हेप्सिडिन नावाचा पदार्थ. त्याचे कार्य २००० सालानंतर शास्त्रज्ञांना उलगडले. साठा भरलेला असला की यकृत जास्त हेप्सिडिन सोडते आणि दार लोटले जाते. साठा रिकामा असला की हेप्सिडिन कमी होते आणि दार उघडते. गोळी घेतल्यावरही सुमारे एक दिवस हेप्सिडिन वाढलेले असते. म्हणूनच काही रुग्णांना डॉक्टर एक दिवसाआड गोळी घ्यायला सांगतात.

दारातून आत न गेलेले लोह शौचावाटे निघून जाते. गोळ्या चालू असताना शौचास काळे होते ते यामुळेच. ते अंगात लोह वाढल्याचे लक्षण नव्हे, उलट न लागलेले लोह बाहेर जात असल्याची ती खूण आहे. मात्र शौच डांबरासारखे चिकट आणि दुर्गंधीयुक्त असेल, तर पोटात रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. तेव्हा तत्काळ दवाखाना गाठावा. मळमळ, बद्धकोष्ठता, तोंडाला लोखंडी चव हे गोळीचे त्रास आहेत, विषबाधा नव्हे. गोळी रात्री जेवणानंतर घेतली, तर हे त्रास पुष्कळ कमी होतात.

हिशेब मांडून पाहू

विद्यार्थ्यांनी पुढील गणित वहीत सोडवून पाहावे. शरीरात किती लोह कमी आहे हे काढण्यासाठी दवाखान्यात एक सूत्र वापरतात. वजन किलोग्रॅममध्ये घ्यावे. १५ मधून रुग्णाचे हिमोग्लोबिन वजा करावे. या दोहोंचा गुणाकार करून त्याला २.४ ने गुणावे आणि साठ्यासाठी ५०० मिळवावेत.

समजा, एका भगिनीचे वजन ४५ किलो आणि हिमोग्लोबिन ७ आहे. ४५ गुणिले ८ गुणिले २.४ म्हणजे ८६४. त्यात ५०० मिळवले की १,३६४ मिलिग्रॅम. एवढे लोह तिच्या शरीरात कमी आहे.

सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. त्यातील दहा टक्के आतड्याने घेतले असे धरले, तर एका गोळीमागे ६ मिलिग्रॅम मिळते. रोज दोन गोळ्या घेतल्या तर १२ मिलिग्रॅम. १,३६४ ला १२ ने भागले तर सुमारे ११४ दिवस येतात. म्हणजे एकही दिवस न चुकवता जवळपास चार महिने. मधल्या पाळ्यांत गेलेले लोह यात धरलेलेच नाही.

जी भगिनी दीड महिन्यात "आता लोह जास्त होईल" म्हणून गोळ्या थांबवते, ती निम्म्या वाटेवरही पोहोचलेली नसते. हिमोग्लोबिन आधी सुधारते, थकवा जातो, पण पेढीतील शिल्लक अजून शून्यच असते. म्हणून हिमोग्लोबिन १२ झाल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवण्यास डॉक्टर सांगतात.

काहींना अशी भीती असते की गोळ्यांनी रक्त प्रमाणाबाहेर वाढेल. तसे होत नाही. लोहाची तूट भरली की हिमोग्लोबिन आपल्या नेहमीच्या पातळीवर थांबते. ते १७-१८ च्या वर गेले असेल, तर कारण दुसरे असते आणि ते डॉक्टरांकडून शोधून घ्यावे लागते.

तपासणीचा कागद कसा वाचावा

बरीचशी भीती तपासणीचा कागद चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या रीतीने वाचल्यामुळे निर्माण होते. तीन आकडे ओळखता आले पाहिजेत.

पहिला आकडा सीरम आयर्न, म्हणजे त्या घटकेला रक्तातून वाहणारे लोह. तो दिवसभरात वरखाली होतो. सकाळी गोळी घेऊन दोन-तीन तासांनी रक्त दिले तर तो हमखास वाढलेला दिसतो. यावरून साठ्याविषयी काहीच कळत नाही. तपासणीच्या आदल्या दिवसापासून गोळी न घेता सकाळी उपाशीपोटी रक्त द्यावे.

दुसरा आकडा ट्रान्सफेरिनची भरती. ट्रान्सफेरिन ही लोह वाहणारी गाडी आहे. तिच्यात किती टक्के माल भरला आहे, ते पाहायचे. सीरम आयर्नला टीआयबीसी या आकड्याने भागून शंभरने गुणावे. सीरम आयर्न ६० आणि टीआयबीसी ४०० असेल तर भरती १५ टक्के येते, म्हणजे लोह कमी आहे. साधारण २० ते ४५ टक्के ठीक. योग्य रीतीने रक्त देऊनही ती वारंवार ४५ टक्क्यांच्या वर येत असेल, तर पुढील तपास करावा.

तिसरा आकडा फेरिटिन, म्हणजे साठा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार निरोगी प्रौढात फेरिटिन १५ च्या खाली असेल तर लोह कमी समजावे. पाळी येणाऱ्या निरोगी स्त्रीत १५० च्या वर आणि निरोगी पुरुषात २०० च्या वर असेल, तर लोह जास्त असण्याची शक्यता तपासावी. येथे 'निरोगी' हा शब्द महत्त्वाचा आहे. ताप, जंतुसंसर्ग, सांध्यांची सूज, यकृताचा विकार, दारूचे व्यसन, लठ्ठपणा यांमुळेही फेरिटिन वाढते, आणि त्या वेळी साठा प्रत्यक्षात वाढलेला असतोच असे नाही. आजारी माणसासाठी ही शंकेची पातळी ५०० धरली आहे. तेव्हा ताप उतरल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

आणखी एक प्रसंग वारंवार घडतो. एखाद्या भगिनीला सलाईनमधून लोह दिले जाते. दहा दिवसांनी फेरिटिन तपासले जाते आणि आकडा ६०० येतो. घरात घबराट होते. परंतु शिरेतून दिलेले लोह आतड्याच्या दाराने आलेले नसते. ते आधी साठ्यात जाते आणि मग हळूहळू नव्या रक्तपेशींत वापरले जाते. त्यामुळे सलाईननंतर काही आठवडे फेरिटिन वाढलेलेच दिसणार. ही तपासणी चार ते आठ आठवड्यांनंतर करावी. तोवर हिमोग्लोबिन वाढत असेल, तर उपचार लागू पडत आहे असे समजावे.

लोह खरोखर कोणाला वाढते

वर सांगितलेली दाराची व्यवस्था ज्यांच्या बाबतीत मोडलेली असते किंवा टाळली गेलेली असते, त्यांनाच लोहवाढीचा धोका आहे.

एक, वारंवार रक्त चढवावे लागणारे रुग्ण. रक्ताच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. २५० प्रमाणे वीस पिशव्यांचे ५ ग्रॅम होतात. संपूर्ण शरीरात निसर्गतः असते त्यापेक्षाही हे जास्त आहे. थॅलेसेमिया मेजर झालेल्या बालकांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागते. त्यांच्या यकृतात, हृदयात आणि ग्रंथींत लोह साचते, वाढ खुंटते, मधुमेह होऊ शकतो. त्यांना लोह बाहेर काढणारी औषधे नियमित घ्यावीच लागतात. पूर्वी यासाठी पोटाच्या कातडीखाली तासन्‌तास इंजेक्शन लावून ठेवावे लागे. आता तोंडाने घेण्याची औषधेही मिळतात.

दोन, सिकलसेलचे रुग्ण. हा विषय आपल्या समाजाशी निगडित आहे. विदर्भातील आदिवासी आणि अनुसूचित जातींमध्ये, त्यात नवबौद्धांमध्येही, सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. मराठवाड्यात ते कमी असले, तरी नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे आपल्या सोयरिकी होतातच. सिकलसेलच्या रुग्णाचे रक्त कमी असते ते तांबड्या पेशी लवकर मोडतात म्हणून. लोहाची तूट हे त्याचे मूळ कारण नसते. अशा रुग्णाला फेरिटिन न पाहता वर्षानुवर्षे लोह देत राहणे योग्य नाही.

तीन, थॅलेसेमियाचे वाहक. यांचे हिमोग्लोबिन थोडे कमी आणि पेशी लहान असतात. कागदावर हे लोहाच्या कमतरतेसारखेच दिसते, आणि गोळ्यांमागून गोळ्या दिल्या जातात. तीन महिने नियमित गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर फेरिटिन आणि हिमोग्लोबिन ए-टू ही तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. वाहकाला लोह वर्ज्य आहे असे मात्र नाही. फेरिटिन कमी असेल तर त्यालाही ते लागते.

चार, जन्मजात लोहसंचयाचा विकार. यात हेप्सिडिनचा पहाराच कमजोर असतो. युरोपातील उत्तरेकडच्या लोकांत तो बराच आढळतो आणि १९९६ साली त्याचे जनुक सापडले. परदेशी माहिती वाचून आपल्याकडे ज्या आजाराची भीती घेतली जाते तो बहुधा हाच. भारतात तो फार क्वचित आढळतो.

पाच, दारूचे व्यसन असलेले. दारूने यकृत बिघडते आणि हेप्सिडिनही कमी होते. दक्षिण आफ्रिकेत लोखंडी पिंपांत आंबवलेली घरगुती बिअर वर्षानुवर्षे पिणाऱ्या लोकांत लोहवाढीचा आजार दिसून आला. यावरून कोणी आपल्या लोखंडी तव्यावर किंवा कढईवर संशय घेऊ नये. त्यांतून उतरणारे थोडे लोह आपल्या आहाराला उपकारकच आहे.

बीड जिल्ह्यातील भगिनींचा प्रश्न

आपल्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. पहाटेपासून फडात काम, डोक्यावर मोळी, पाळीच्या दिवसांतही सुटी नाही, खाडा झाला तर उचलीतून पैसे कापले जाण्याची भीती. अंगावरून जास्त जाण्याचा त्रास वर्षानुवर्षे सहन केला जातो, आणि शेवटी पिशवी काढण्याचा मार्ग पत्करला जातो. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शासकीय समितीच्या कामातून जी पाहणी पुढे आली, तीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली आढळली.

या भगिनींच्या संदर्भात लोहाचे दोन वेगळे प्रश्न आहेत.

ज्यांची पाळी चालू आहे आणि जास्त जाते, त्यांची तूट मोठी आणि खर्च चालू. यांनी लोह वाढेल ही धास्ती मनातून काढून टाकावी. यांचा खरा धोका हंगामात उपचार तुटण्याचा आहे. गावाहून निघताना उपकेंद्रातून पुरेशा गोळ्या आणि हिमोग्लोबिनची नोंद असलेला कागद बरोबर घ्यावा. कारखान्याच्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही गोळ्या मागता येतात. जास्त जाण्याचे कारणही तपासून घ्यावे, कारण नळ गळत असेल तर हंडा भरत नाही. गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाल्यास बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय येथे दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे.

ज्यांची पिशवी काढली गेली आहे किंवा पाळी गेली आहे, त्यांचा दरमहाचा खर्च थांबलेला असतो. त्यांची गरज आता पुरुषाइतकीच आहे. शस्त्रक्रियेपूर्वीची तूट भरून निघेपर्यंत गोळ्या घ्याव्यात. त्यानंतर "अशक्तपणा वाटतो" एवढ्यावरून दरवर्षी लोहाचे सलाईन लावून घेणे बरोबर नाही. आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन पाहावे. पाळी नसतानाही रक्त कमी होत असेल, तर ते कोठून जाते हे शोधणे अगत्याचे आहे. मूळव्याध, पोटातील व्रण, जंत किंवा याहून गंभीर आजारही असू शकतो. तेथे नुसत्या गोळ्या घेत राहिल्याने आजार झाकला जातो.

घरातील लहान मुले

मोठ्यांच्या पोटात लोह साचेल याची चिंता करताना खरा आणि तातडीचा धोका नजरेआड होतो. तो लहान मुलांना आहे. या गोळ्या लाल, निळ्या, गुलाबी आणि वरून गोड असतात. मुलाला त्या चॉकलेटसारख्या वाटतात. वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम लोहापासून त्रास सुरू होऊ शकतो, आणि ६० मिलिग्रॅमच्या पुढे जीवाला धोका असतो. १० किलो वजनाच्या मुलाने ६० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या खाल्ल्या, की ही मर्यादा गाठली जाते. एवढे लोह एकदम आले तर आतड्याचे दार टिकत नाही.

मुलाने गोळ्या खाल्ल्याचे कळताच, त्रास दिसो वा न दिसो, रिकामे पाकीट बरोबर घेऊन मोठ्या रुग्णालयात जावे. उलटी करविण्यासाठी मिठाचे पाणी पाजू नये. सुरुवातीच्या उलट्या-जुलाबानंतर काही तास मूल सुधारल्यासारखे दिसते आणि मग एकाएकी खालावते. त्या शांततेला फसू नये. गोळ्या उंचावर, कुलूपबंद ठेवाव्यात. खोपीत कुलूप नसते, तेथे पत्र्याची घट्ट झाकणाची पेटी वापरावी.

आपण काय करावे

१. डॉक्टरांनी सांगितलेला काळ पूर्ण होईपर्यंत गोळ्या थांबवू नयेत. स्वतःच्या मनाने त्या वर्षानुवर्षे चालूही ठेवू नयेत.

२. गोळीबरोबर लिंबू, आवळा, पेरू असे काही आंबट फळ घ्यावे. गोळी व जेवण यांच्या आगेमागे तासभर चहा टाळावा.

३. बाजरी, हुलगे, तीळ, पालेभाज्या, मांस, मासे यांतील लोहाने निरोगी माणसाच्या अंगात लोह साचत नाही. आहारात हात आखडता घेऊ नये.

४. सलाईनमधून लोह घेतले तर तारीख आणि मात्रा लिहून ठेवावी. दुसऱ्या दवाखान्यात गेल्यावर तो कागद दाखवावा.

५. लग्न ठरविताना पत्रिकेऐवजी मुला-मुलीचा सिकलसेल आणि थॅलेसेमियाचा अहवाल पाहावा. दोघेही एकाच दोषाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांत ही तपासणी ठेवणे सहज शक्य आहे.

भीती ही अर्धवट माहितीतून जन्मते. ज्या भगिनीने आपला हिमोग्लोबिनचा आकडा, आपले फेरिटिन आणि आपल्या गोळ्यांचा हिशेब समजून घेतला, तिला कोणी गोळ्यांची भीती घालू शकणार नाही आणि कोणी नको ते सलाईन तिच्या गळ्यात मारू शकणार नाही. शिकलेल्या मुला-मुलींनी आपल्या आईचा, काकूचा, शेजारच्या मावशीचा तपासणीचा कागद एकदा हातात घेऊन वाचून दाखवावा. शिक्षणाचा उपयोग घरापासून सुरू व्हावा, एवढीच अपेक्षा.

स्वाध्याय

१. वजन ५० किलो आणि हिमोग्लोबिन ९ असलेल्या स्त्रीची लोहाची तूट काढा. रोज दोन गोळ्यांनी ती किती दिवसांत भरेल?

२. सीरम आयर्न १८० आणि टीआयबीसी ३०० असेल तर भरती किती टक्के? असा आकडा आल्यावर आधी कोणते दोन प्रश्न विचाराल?

३. सलाईननंतर दहा दिवसांनी केलेली फेरिटिनची तपासणी का फसवी असते, ते आपल्या शब्दांत आईला समजावून सांगा.